हरणाची ताटली

गेली दोन वर्षं माझी बायको मला मास्तर म्हणत होती. त्याआधी लग्नापासून अहो म्हणायची. मग तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी दूध उतू जायला लागलं, मग शेजारणीचं नाव गेलं, मग पोटच्या मुलीचं, आणि एका सकाळी माझ्या हातातून चहाचा कप घेताना कुसुमनं अगदी अदबीनं विचारलं, "मास्तर, तुमच्या घरी कोण कोण असतंय?" मी भालकीच्या हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवलं, त्यामुळे मास्तर हे काही खोटं नव्हे. पण मला मास्तर म्हणणारी माणसं इथं गल्लोगल्ली आहेत. अहो म्हणणारी एकच होती.

एक गोष्ट मात्र शाबूत होती. हात. संध्याकाळी ओसरीवर बसलो की ती माझा हात आपल्या मांडीवर ओढून घ्यायची, एकेक बोट चाचपून बघायची आणि मग घट्ट धरून ठेवायची. रस्त्यानं चालताना, जेवताना, डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत, हात सोडायची नाही. आमच्या घरी कामाला येणारी राजूबाई म्हणायची, "आक्का समदं इसरल्या सायेब, तुमचा हात तेवडा इसरल्या न्हाईत." शहाण्या माणसानं एवढ्यावर समाधान मानलं असतं. मी कसला मानतोय! मला तिच्या तोंडून एकदा अहो ऐकायचं होतं. नुसतं एकदा. मग कुणी आधी जायचं ते खुशाल जावो.

आमची मुलगी हर्षिता बेंगळुरूला असते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, इथले डॉक्टर म्हणायलेत की आईला लहानपणच्या वस्तू दाखवा. कधीकधी एखादी वस्तू बघून माणसाला बरंच आठवतंय म्हणे."

कुसुमच्या लहानपणाची एकच वस्तू मला माहीत होती. हरणाची ताटली. तिचं माहेर भालकी तालुक्यातलंच, मेहकरचं. सोवळं-ओवळं पाळणारं घर. माहेरच्या गोष्टी ती फारशा सांगायची नाही, पण ह्या ताटलीचं मात्र वर्षातून दोनदा तरी निघायचं. पांढरीशुभ्र चिनी मातीची ताटली, मधोमध निळं हरीण, झाडाखाली उभं राहून मागं वळून बघणारं. "भात संपत आला की आधी त्याचे पाय दिसायचे, मग पोट, आणि शेवटच्या घासाला तोंड. माझ्या एकटीची ताटली होती ती. घरात सगळ्यांना पितळेची ताटं, मला ती. दुसरं कुणी तिला हातसुद्धा लावायचं न्हाई." मी चिडवायचो, "बघा, मेहकरची राजकन्या! आमच्याकडे येऊन स्टीलच्या ताटात जेवायची पाळी आली." ह्यावर ती हसायची असं मला आठवतं. आता त्याची खात्री देत नाही.

ती ताटली बीदरला होती. कुसुमचे आजोबा निजामाच्या काळात वकील होते. कुठल्याशा जहागीरदाराचा खटला त्यांनी जिंकून दिला, तेव्हा त्यानं खूश होऊन ती भेट दिली होती. पुढं मेहकरचं घर विकलं तेव्हा कुसुमचा धाकटा भाऊ संकर्षण यानं ती संग्रहालयाला देऊन टाकली. हे संग्रहालय म्हणजे जुन्या बीदरमधला एक बंगला. एका ट्रस्टनं तिथं आसपासच्या घरांमधली जुनी चिनी मातीची भांडी गोळा करून मांडून ठेवली आहेत. बीदरला येणारी माणसं किल्ला बघतात, बिदरीच्या सुरया विकत घेतात आणि निघून जातात. तिथं कुणी फिरकत नाही. पण संकर्षण तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्याला सांगायला तेवढी एकच गोष्ट आहे, आणि ती तो भेटेल त्याला सांगतो. आमची ताटली म्युझियममधी हाय.

भाड्याची गाडी केली. कुसुमला मी तिची जांभळी इरकल नेसायला लावली. म्हणजे राजूबाईनं नेसवली, मी नुसता अंगणातून सूचना करत होतो. वाटेत ती खिडकीतून तुरीची रानं बघत होती आणि तिचा हात माझ्या हातात होता. मी मनातल्या मनात ठरवत होतो की तिनं अहो म्हटल्यावर आपण काय म्हणायचं. काय गं? की ओ? ह्या वयात माणूस किती वेडगळ होतो ते असं कळतं.

संकर्षण फाटकाशी उभाच होता, इस्त्रीचा सदरा घालून. "या दाजी, या. अक्का, ओळखलीस का मला?"

"व्हय की," कुसुम म्हणाली. "बँकेतले न्हवं का तुम्ही?"

त्याचा चेहरा पडला. मला, खोटं कशाला सांगू, थोडं बरं वाटलं. मी एकटाच परका नव्हतो.

आत हावगेप्पा म्हणून रखवालदार होता. खाकी शर्ट, कपाळाला विभूती. आमच्याशिवाय कुणीच आलेलं नव्हतं, त्यामुळे तो कौतुकानं बरोबर फिरायला लागला. मोठमोठ्या बरण्या होत्या. तुकडे झालेल्या बश्या तांब्याच्या बारीक टाक्यांनी शिवून ठेवलेल्या होत्या. एका कपाटात शेवाळी रंगाची मोठी ताटं होती. हावगेप्पा म्हणाला, "सर, ह्येच्यात इख वाढलं तर ताट आपोआप तडकतंय म्हणं. म्हणून नवाब लोक ह्येच्यातच जेवायचे."

"असं कुठलंही ताट तडकत नसतं," मी म्हणालो. "चिनी मातीला विष कळत नाही." सवय जात नाही. कुसुम काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघून पदर नीट करत होती. माझा हात तिनं धरलेलाच होता.

शेवटच्या दालनात, भिंतीत बसवलेल्या एका वेगळ्या कपाटात, वरून दिवा सोडून ठेवलेली ती ताटली होती. मी जन्मभर तिच्याबद्दल ऐकत आलो होतो आणि आज पहिल्यांदा बघत होतो. लहान होती. काठाला एक टवका उडालेला. हरीण खरोखरच सुरेख होतं. एका रेघेत काढल्यासारखी मान, आणि मागं वळलेलं ते तोंड, कुणीतरी येईल म्हणून वाट बघणारं. संकर्षणनं खिशातून चष्मा काढला आणि खालची कन्नडमधली पाटी मराठी करून मोठ्यानं वाचली, "मान्यवर पाहुण्यांच्या भोजनासाठी वापरण्यात येणारी ताटली. मेहकर येथील वकील घराण्याकडून भेट."

कुसुम पुढं झाली. काचेला नाक लागेल इतकी जवळ. तिचं बोट काचेवरून फिरायला लागलं. आधी पाय, मग पोट, मग तोंड. मी कपाटाला टेकलो. मी संकर्षणला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं.

आणि मग तिनं माझा हात सोडला.

हिसडा दिला नाही. बोटं एकेक करून सोडवून घेतली, काळजीपूर्वक, काही सांडू नये अशी. दोन पावलं मागं सरली. साडी अंगाभोवती आवळून घेतली आणि भिंतीच्या कडेकडेनं, कुठंही स्पर्श न करता, दालनाच्या मागच्या दाराशी गेली. तिथं हावगेप्पाचा केरसुणी-बादलीचा कोपरा होता. त्या कोपऱ्यात उंबऱ्याशी ती गुडघे पोटाशी घेऊन खाली बसली. मी मागं धावलो. तिनं वर बघितलं. दोन वर्षांत असं बघितलं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून नजर घसरून गेली नाही, ती माझ्यावर येऊन थांबली.

"अहो," ती म्हणाली.

काय सांगू! मागं संकर्षणनं नाक ओढलेलं ऐकू आलं. मी म्हणालो, "काय गं? काय गं कुसुम?"

"अहो, शिवू नका मला. मी बाहेरची हाय."

आमच्या पिढीतल्या माणसाला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. नव्यांसाठी सांगतो. पाळी आली की बाईनं बाजूला बसायचं. परसदारी, गोठ्याशी, जिथं जागा असेल तिथं. कुणी तिला शिवायचं नाही, तिनं कशाला शिवायचं नाही, वरून वाढतील ते खायचं. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की पुन्हा माणसांत. कुसुमला आता ह्यातलं काही असण्याचं वय कधीच मागं पडलं होतं. पण ताटली बघून तिला आठवलं ते हे आठवलं. हरीण नाही, भात नाही, आई नाही.

आमच्या घरात हा प्रकार नव्हता. माझी आई मी लहान असतानाच गेली, घरात बाईमाणूसच नव्हतं, पाळणार कोण? लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी शाळेतून आलो तर नवी नवरी न्हाणीघराच्या मागं दगडावर बसलेली. तेव्हाही हेच म्हणाली होती. अहो, शिवू नका मला. मी हसलो होतो, सरळ तिचा हात धरला होता आणि तिला चुलीपाशी आणून बसवलं होतं. ती थरथरत होती, पण आली. मग दोघांनी मिळून पिठलं केलं. त्यानंतर ती कधी बाजूला बसली नाही. ह्या गोष्टीचा मला फार अभिमान. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी ती किती वेळा सांगितली असेल. माझी समजूत अशी की त्या दिवसापासून तिनं माझा हात धरला तो धरलाच.

म्हणून मी पुन्हा तेच केलं. वाकलो, हसलो आणि म्हणालो, "चल, आत चल," आणि तिचा हात धरला.

ती ओरडली. अशी ओरडली की त्या रिकाम्या बंगल्यात ते कितीतरी वेळ घुमत राहिलं. हात सोडवायला तिनं माझ्या मनगटावर नखं मारली. "तुम्हाला पाप लागंल! मला मारतील! सोडा, आई मला मारती!" मला सोडायला सुचेना. मला वाटत होतं की आणखी थोडं धरलं तर तिला तो दुसरा दिवस आठवेल, पिठल्याचा. आठवेल, आत्ता आठवेल. शेवटी हावगेप्पानं माझं बखोट धरून मला मागं ओढलं.

"सर, हात सोडा. अम्मा भ्यायलीय."

मी बाजूला झालो. ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती आणि मी शिवलो होतो तो हात पदरानं पुन्हा पुन्हा पुसत होती. संकर्षण कपाटापाशी उभा होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, ते मला नाही, काचेलाच म्हणाला. "मला वाटायचं अक्काचा लाड हाय. मी रडायचो दाजी त्या ताटलीसाठी. एकदा कोनाड्यातनं काढून हातात घेतली तर आईनं मला कपड्यासकट आंघोळ घातली. कामून, ते कुणी सांगितलं न्हाई."

मग आम्ही दोघांनी मिळून ते जुळवलं. जहागीरदाराच्या घरून आलेली, त्यात चिनी मातीची. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात ती चालणार नव्हती. मोठ्या माणसाची भेट म्हणून फेकताही येत नव्हती. मग ती गेली परसदारच्या कोनाड्यात, गोठ्याशेजारी, आणि न्हाण आलेल्या पोरीला महिन्याच्या महिन्याला वाढायला कामी आली. बाकीच्या बायका पत्रावळीवर जेवायच्या. माझ्या एकटीची ताटली, म्हणायची ती. दुसरं कुणी हात लावायचं न्हाई. ती दर वेळी सगळं सांगत होती. मी राजकन्या म्हणत होतो.

तिला तिथून उठवायचं कसं ते आम्हा दोघा शिकलेल्यांना कळेना. हावगेप्पा लांबच उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "अम्मा, गाडी भाईर हाय. तुमाला भाईरच बसायचंय न्हवं? चला." ती लगेच उठली. बाहेर बसायचं असेल तर तिची काही हरकत नव्हती. मी ड्रायव्हरशेजारी बसलो, ती मागं एकटी. आरशात मला तिच्या जांभळ्या पदराचं टोक दिसत होतं. भालकीपर्यंत मी मागं वळून बघितलं नाही, कारण बघितलं की ती आणखी आकसायची.

मला वाटलं, घरी पोचेपर्यंत विसरेल. सकाळी काय खाल्लं ते तिला दुपारी आठवत नाही, हे तरी कशाला आठवेल? ती पुढच्या दारानं आत आली नाही. घराला वळसा घालून परसात गेली आणि मागच्या पडवीत धुण्याच्या दगडाशेजारी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथंच. तिसऱ्या दिवशीही. जेवायला स्टीलचं ताट ठेवलं तर चटका बसल्यासारखी मागं सरली. "अहो, आतलं ताट कामून आणलाव? बाटंल की. माझी ताटली कुठाय?" दिवसभर उपाशी राहिली. संध्याकाळी मी बाजारात गेलो आणि चिनी मातीची एक ताटली घेऊन आलो. गुलाबाची फुलं छापलेली. दुकानदार म्हणाला, "एकच न्यायलाव सर? सहाचा सेट हाय." मी त्याच्यावर खेकसलो. बिचाऱ्याची काय चूक?

राजूबाईचं मात्र तिला चालतं. राजूबाई आंघोळ घालते, वेणी घालते, पाठीवरून हात फिरवते. मी विचारलं, "तिच्या हिशेबी तुला विटाळ कसा होत नाही?" राजूबाई पाट्यावर चटणी वाटत होती. मान वर न करता म्हणाली, "आमाला कुटला इटाळ सायेब? मेहकरलाबी आमच्यातलीच कुनीतरी बाई आसंल पानी द्यायला. आमचं कोन मोजतंय?" आता संध्याकाळी कुसुम राजूबाईचा हात मांडीवर घेते आणि एकेक बोट चाचपते. मी उंबऱ्याच्या अलीकडून बघतो.

हर्षितानं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आईला सांगा की चौथा दिवस झाला. न्हाऊ घाला. तिच्या हिशेबानंच मोकळी करा तिला." मला एवढं साधं कसं सुचलं नव्हतं? राजूबाईनं पाणी तापवलं. "आक्का, आज चौथा दिस. डोक्यावरनं घ्या." कुसुम आनंदानं न्हायली. ओले केस सोडून धुतलेल्या साडीत पडवीत उभी राहिली तेव्हा मला ती पिठल्याच्या दिवसाएवढी तरुण वाटली. मी उंबरा ओलांडला आणि हात पुढं केला.

ती मागं सरली. "अहो, शिवू नका. आजच बसलेय मी."

"अगं, झाले की तीन दिवस. न्हालीस आत्ता."

"न्हाई हो. आजच."

रोज तिचा पहिलाच दिवस असतो. चौथ्यापर्यंत पोचायचं तर आधीचे तीन आठवायला हवेत, आणि ते ती कुठून आणणार? आम्ही पुन्हा न्हाऊ घातलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा. राजूबाईनं तुळशीपाशी नेऊन नमस्कार करायला सांगितला तर घाबरून रडली. मग मी सोडून दिलं. कधीकधी मला वाटतं, बीदरला जावं, ती काच फोडावी आणि ती ताटली फरशीवर आपटावी. बाकीची शिवलेली भांडी बघितलीच आहेत मी, ही शिवता येणार नाही इतकी बारीक करावी. पण त्यानं काय होणार? ती एक फुटेल. तिच्या डोक्यातली राहीलच. एवढ्या मोठ्या डोक्यातून सगळं गेलं. मी गेलो, पोरगी गेली, ते पिठलं गेलं. आणि उरलं काय, तर तो कोनाडा.

आता आमचा क्रम ठरून गेला आहे. पडवीत तिची चटई, उंबऱ्याच्या आत माझी खुर्ची. जेवणाच्या वेळी ती गुलाबाची ताटली जमिनीवर ठेवून हात आखडून बसते. मी वाकतो, पळी उंच धरतो आणि भात वरून सोडतो, तिच्या आईनं सोडला असेल तसा. शितं बाहेर पडतात. जेवताना ती घास बाजूला सारून तळाशी काहीतरी शोधत असते. फुलं दिसली की थांबते आणि माझ्याकडे बघते. मला तिनं पक्कं ओळखलेलं असतं. जी हाक ऐकायला मी तिला बीदरला नेलं ती आता दोन्ही वेळा ऐकू येते, स्वच्छ, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातल्यासारखी.

"अहो," ती म्हणते, "जरा लांबून वाढा."